भाजलेल्या हाताची कोरणी

छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी थोर चित्रकारांची चित्रे दूरदेशीच्या लोकांस पाहावयास मिळत नसत. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून, शाई भरून कागदावर छापणारे कारागीरच त्यांची कीर्ती सर्वत्र पोचवीत. अशा कारागिरांत हेन्ड्रिक गोल्त्सियस हा अग्रगण्य होता.

त्याचा जन्म १५५८ साली व्हेन्लो शहराजवळील एका खेड्यात झाला. तान्हा असताना तो विस्तवात पडला. उजवा हात भाजून जो आखडला, तो जन्मभर पुरता उघडला नाही. परंतु त्याच वाकड्या हातात पोलादी कोरणी घट्ट बसे! खांद्याच्या बळाने तो डौलदार रेषा कोरू लागला. पुढे तो हॉलंडातील हार्लेम शहरी स्थायिक झाला. १५९० साली तो इटलीस गेला आणि परतल्यावर त्याने राफाएलचे एक भित्तिचित्र ताम्रपटावर उतरविले.

तरीही जुन्या ड्यूररची सर त्याला येणार नाही, असे काही जाणकार म्हणत. तेव्हा १५९४ साली त्याने ड्यूररच्या धाटणीचे एक चित्र कोरले. काही प्रतींवरील आपली खूण त्याने जाळून काढली, कागद धुरकटवून जुनाट केला आणि त्या विक्रीस पाठविल्या. रोम, व्हेनिस व ॲमस्टरडॅम येथील रसिकांनी त्या ड्यूररच्या समजून मोठ्या किमतीस घेतल्या. खरा प्रकार कळताच टीकाकार ओशाळले. ही हकीकत त्याचा मित्र कारेल फान मांडर याने लिहून ठेविली आहे.

१६१७ साली गोल्त्सियस हार्लेम येथे मरण पावला. कृतीची पारख नावावरून करू नये, हेच त्याने जगास दाखवून दिले.