आज्ञापालनाचा यात्रिक : संत फ्रान्सिस झेवियर



आज्ञापालन आणि आशीर्वाद यांची जोडी बायबलमध्ये पहिल्या पानांपासून आढळते. परमेश्वराने अब्राहामाला देश व आप्तजन सोडून जाण्यास सांगितले आणि तो निघाला. त्याच्याद्वारे सर्व कुळांना आशीर्वाद मिळेल, असे अभिवचन देवाने त्याला दिले. अनुवाद ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तर आज्ञा पाळणाऱ्यांसाठी नगरात व शेतात, घरी व प्रवासात मिळणाऱ्या आशीर्वादांची यादीच आहे. तरीही एक प्रश्न मनाला सतावतो. ज्यांनी सर्वस्वाने आज्ञा पाळली आणि ज्यांच्या पदरी अपयश आले, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जीवनात शोधता येते.

त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनमधील नवारा प्रांतातील झेवियर येथील गढीत झाला. युद्धाच्या धामधुमीत या उमराव घराण्याचे वैभव ओसरले. १५२५ मध्ये फ्रान्सिस पॅरिसला शिकायला गेले. विद्वत्ता, मानमरातब आणि कुळाची प्रतिष्ठा ही त्यांची स्वप्ने होती. १५२९ मध्ये त्याच महाविद्यालयात इग्नेशियस लोयोला आले. आरंभी फ्रान्सिस त्यांना टाळत असत. परंतु देवाच्या कृपेने हळूहळू त्यांचे मन पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी देवाला आपले जीवन वाहिले. त्यांत फ्रान्सिस होते. १५३७ मध्ये व्हेनिस येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पोर्तुगालच्या राजाने भारतासाठी धर्मगुरू मागितले, तेव्हा इग्नेशियस यांनी सिमाओ रॉड्रिग्ज आणि निकोलस बोबादिल्ला या दोघांची निवड केली. त्यात फ्रान्सिस यांचे नाव नव्हते. ते रोममध्ये इग्नेशियस यांचे चिटणीस म्हणून काम पाहत होते. मार्च १५४० मध्ये राजदूत निघण्याच्या बेतात असताना बोबादिल्ला आजारी पडले. इग्नेशियस यांनी आपल्या जिवलग सहकाऱ्याला जाण्यास सांगितले. फ्रान्सिस तत्काळ तयार झाले आणि फारसे सामान न घेता निघाले. त्या दोघांची पुन्हा कधीही भेट झाली नाही. पुढे राजाने रॉड्रिग्ज यांना पोर्तुगालमध्येच ठेवून घेतले. अशा प्रकारे मूळ निवडलेल्या दोघांपैकी कोणीच भारतात आले नाही. यादीत नसलेला मनुष्य मात्र आला!

७ एप्रिल १५४१ रोजी, पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले आणि तेरा महिन्यांच्या खडतर प्रवासानंतर ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पोप महोदयांचे प्रतिनिधी असूनही ते इस्पितळात राहिले. रोग्यांची व कैद्यांची सेवा करीत आणि रस्त्यातून घंटा वाजवीत ते मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. पुढे दक्षिणेतील मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या वस्त्या, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ मध्ये जपान असा त्यांचा प्रवास झाला.

संत हा सर्व बाबतींत निर्दोष असतो, असे नाही. १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी धर्मन्यायसभेची मागणी केली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, स्थापन झाली आणि तिने अनेकांना दुःख दिले. हे आपण नम्रपणे मान्य केले पाहिजे. देवाच्या आज्ञेला होकार देणाऱ्या माणसालाही आपल्या काळाच्या मर्यादा असतातच.

१५५२ मध्ये ते चीनकडे निघाले. मलाक्काच्या अधिकाऱ्याने अडथळे आणल्यामुळे नियोजित राजदूत-मंडळ मागे राहिले. चीनच्या किनाऱ्यासमोरील सांचियन बेटावर ते पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट पाहत राहिले. होडी आली नाही. तापाने फणफणून ३ डिसेंबर १५५२ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी त्यांना युरोपला परत बोलावणारे पत्र लिहिले. ज्याला ही आज्ञा लिहिली होती, तो सुमारे सात महिन्यांपूर्वीच आपल्या धन्याच्या घरी पोहोचला होता.

हे अपयश होते काय? अब्राहामानेही वचनाची पूर्ण फलप्राप्ती पाहिली नाही. आशीर्वाद हा आज्ञापालनाचा मोबदला नसतो. तो बीजासारखा इतरांच्या शेतात उगवतो. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस आणि फ्रान्सिस या गुरुशिष्यांना एकाच दिवशी संतपद लाभले. १९२७ मध्ये ख्रिस्तसभेने फ्रान्सिस यांना संत तेरेझासमवेत मिशनकार्याचे आश्रयदाते घोषित केले. आजही जुन्या गोव्यात बॉम जेझस बॅसिलिकामध्ये त्यांच्या पवित्र अवशेषांसमोर भाविक नतमस्तक होतात.

आपल्यालाही कधी दुसऱ्याच्या जागी उभे राहावे लागते. घरातील आजाऱ्याची सेवा असो वा धर्मग्रामातील नको असलेली जबाबदारी, आपले नाव यादीत नसताना ती आपल्याकडे येते. तेव्हा मोबदल्याचा हिशेब न करता होकार देण्याची कृपा आपण या संताच्या मध्यस्थीने प्रभूकडे मागू या.