मौनी अवताराला मराठी वाणी देणारे धर्मानंद

आज वैशाखी पौर्णिमा. भगवान बुद्धांचा जन्म, त्यांस झालेली संबोधी आणि त्यांचे महापरिनिर्वाण या तिन्ही घटना परंपरेने याच तिथीस मानल्या आहेत. आपल्याकडील दशावतारांच्या चित्रांत नवव्या स्थानी बुद्धांची मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली. आपल्या संतांनीही या नवव्या अवतारास मौन धरून राहिलेला असे संबोधिले. बुद्धांस अवतार मानावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. बौद्ध बांधवांस ती कल्पना मान्य नाही. परंतु या मौनात एक ऐतिहासिक सत्यही दडलेले होते. बुद्धांची वचने ज्या पाली भाषेत जतन झाली, तिचे अध्ययन सिंहलद्वीपात व ब्रह्मदेशात अखंड चालू राहिले; जन्मभूमीत मात्र ते लोपले. कार्ले, कान्हेरी, अजिंठा येथील लेणी महाराष्ट्राच्या डोंगरांत उभी होती, पण तेथे एके काळी घुमलेला उपदेश काय होता, हे पायथ्याच्या गावांतील माणसास ठाऊक नव्हते. तो उपदेश मराठी घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवणाऱ्या धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्राचे स्मरण आजच्या पर्वदिवशी करावे, असे आम्हांस वाटते.

माडांच्या बागेतील अस्वस्थता

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचे नाव दामोदर. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती आणि मराठी शिक्षणाची सोय जेमतेम. त्यातून धर्मानंदांची प्रकृती बालपणापासून नाजूक. शालेय शिक्षण फारसे झालेच नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयात बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि घरच्या नारळीच्या बागेची देखभाल हेच त्यांचे काम ठरून गेले. बाहेरून पाहता संसार चारचौघांसारखा होता. आत मात्र ज्ञानाची तहान आणि जीवनाविषयीचा विषाद यांचा झगडा चालला होता.

अशा मनःस्थितीत १८९७ साली विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती पडला. मुलांसाठी निघणाऱ्या त्या मासिकात बुद्धांचे छोटेसे चरित्र छापलेले होते. मोठमोठ्या ग्रंथांनी जे साधत नाही, ते कधी कधी चार पानांनी साधते. बुद्धांचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, हा ध्यास त्या दिवसापासून धर्मानंदांस लागला. तो धर्म जाणण्यास आधी संस्कृत हवे, म्हणून १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे राहिली पत्नी आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या माणिक.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. कपिलवस्तूच्या राजवाड्यात यशोधरेने जे सोसले, ते गोव्याच्या एका साध्या घरात बाळाबाईंनी सोसले. राजवाड्यात दासदासी होत्या. येथे तान्हे मूल आणि लोकांचे प्रश्न होते. थोर पुरुषांची चरित्रे सांगताना या बाजूवर पडदा टाकण्याची आपली रीत आहे. पण ज्या चरित्राचा विषयच करुणा आहे, तेथे हे ओझे कोणी वाहिले, ते स्पष्ट सांगितले पाहिजे.

भिक्षापात्र घेऊन

पुढील सात वर्षांची भ्रमंती आजच्या वाचकास अद्भुत वाटेल. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. तेथून ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बुद्धांच्या धर्माचा शोध घेत १९०२ साली ते नेपाळात गेले, पण तेथे मनात रेखाटलेले काहीच आढळले नाही. निराश होऊन ते बोधगयेस आले. मूळ ग्रंथ शिकावयाचे तर सिंहलद्वीपास जावे लागेल, हे तेथे कळले आणि कलकत्तामार्गे ते कोलंबोस पोहोचले.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या चरणांपाशी बसून त्यांनी पालीचा अभ्यास आरंभिला व श्रामणेराची दीक्षा घेतली. तेथील हवा आणि अन्न प्रकृतीस मानवले नाही, तेव्हा मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशास गेले. विहारात आणि एकांतात ध्यानाभ्यास केला. पुढे भारतात परत येऊन सारनाथ, कुशिनगर, लुंबिनी या बुद्धांच्या पाऊलखुणांवरून भिक्षापात्र घेऊन ते हिंडले.

हा प्रवास येथेच संपता, तर एका विरक्त साधकाचे चरित्र म्हणून आपण त्यास नमस्कार केला असता. परंतु धर्मानंदांचे खरे मोठेपण पुढील वळणावर आहे. १९०६ साली त्यांनी चीवर उतरविले आणि कलकत्त्यास पालीचे अध्यापन पत्करले. त्याच वर्षी ते गोव्यास आपल्या घरी परतले. १९०७ साली त्यांस पुत्र झाला. तेच पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून विख्यात झालेले दामोदर कोसंबी. घर सोडताना धर्मानंदांच्या मनात विषाद होता. परतताना मिळविलेले धन वाटण्याची तळमळ होती. वैराग्य माणसास वाटेला लावते. त्याला माणसांत परत आणते ती करुणा.

पन्नास रुपयांचा करार

कलकत्त्यात त्यांस मान होता आणि पगारही चांगला होता. पण ज्या मराठी वाचकामुळे मनात पहिली ठिणगी पडली, त्यास पाली ग्रंथांतील एक ओळही ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांस बोचत असे. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी त्यांस महाराष्ट्रात राहून दर वर्षी एक ग्रंथ लिहिण्याच्या अटीवर तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये देऊ केले. कलकत्त्याचे वेतन याहून कितीतरी अधिक होते. धर्मानंदांनी पन्नास रुपये स्वीकारले. बडोद्यास दिलेली त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. त्यांची भाषा साधी आहे. पांडित्याचा दर्प तिला शिवलेला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणे आले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली महाग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे हेन्री वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले काम पुरे करावयाचे होते. ज्याने धड शाळा पाहिली नव्हती, तो आता जगातील एका अग्रगण्य विद्यापीठात ग्रंथसंपादन करू लागला. श्रेयाच्या प्रश्नावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली ते परतले. पण ग्रंथावर त्यांनी राग धरला नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सहा वर्षे पाली शिकविल्यावर १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस गेले आणि या खेपेस माणिक व दामोदर या मुलांस शिक्षणासाठी बरोबर नेले. त्यानंतरही आणखी दोनदा ते त्या कामासाठी गेले. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० साली, त्यांच्या निधनानंतर, प्रकाशित झाली. देवनागरी लिपीतील आवृत्ती मात्र त्यांच्या हयातीत, १९४० साली, भारतीय विद्या भवनाने काढली.

चार भावना, एक साधना

या ग्रंथात असे काय आहे, की त्यापायी एका माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे वेचावी? पाचव्या शतकात बुद्धघोष आचार्यांनी सिंहलद्वीपात रचलेला हा ग्रंथ शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा मार्ग पायरीपायरीने दाखवितो. त्यात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. ही नावे आपल्या घरांस परकी नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्याच पादात हीच चार नावे आली आहेत: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवानांविषयी मुदिता आणि अपुण्यवानांविषयी उपेक्षा. दोन परंपरांच्या वाटा कोठे भेटतात, हे पाहावयाचे असेल तर याहून पवित्र संगम शोधावयास नको.

बुद्धघोषांची रीत अत्यंत व्यवहारी आहे. मैत्रीची भावना प्रथम स्वतःपासून करावी, कारण मला जसे सुख हवे तसेच इतरांस हवे, हे त्यावाचून उमगत नाही. मग पूज्य गुरुजन, मग प्रियजन, मग ज्याच्याविषयी प्रेमही नाही व द्वेषही नाही असा माणूस आणि अखेर वैरी. वैऱ्यापाशी मन अडते, हे आचार्यांस पुरते ठाऊक आहे. म्हणून ते उपायांची रासच मांडतात. त्याच्यातला एखादा तरी गुण आठवावा. या अनादि संसारात जो कधी आपली माता झाला नसेल असा जीव सापडणे कठीण, हे मनात आणावे. इतक्यानेही राग न निवळला, तर त्यास काही भेट द्यावी; देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही ताठा त्याने उतरतो.

मैत्री सिद्ध झाल्याची खूण सांगताना ते एक प्रसंग कल्पितात. साधक, त्याचा आप्त, एक तटस्थ माणूस व त्याचा वैरी असे चौघे एकत्र बसलेले असताना दरोडेखोर येतात आणि बळी देण्यासाठी एक जण मागतात. वैऱ्यास न्या, असे म्हणणारा अर्थातच नापास. पण मला न्या, असे म्हणणाराही अद्याप पोहोचलेला नाही! चौघांपैकी कोणासच देण्याजोगा ज्यास दिसत नाही, त्याच्या मनातील कुंपण मोडले. आमच्या मते रोजच्या संसारातील जागृतीची याहून नेमकी कसोटी दुसरी नसेल. घरासाठी स्वतःस जाळून घेणारी माणसे आपण पूजतो. पण स्वतःचाही जीव त्याच करुणेत मोजावा, हे आपल्या मायबहिणींस कोणी सांगत नाही.

करुणेचे दोन शत्रूही ग्रंथात सांगितले आहेत. क्रौर्य हा दूरचा शत्रू. तो ओळखू येतो. शोक हा जवळचा शत्रू. तो करुणेचाच वेष घेऊन येतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून रडणे सोपे. रात्री उठून त्यास पाणी देणे ही करुणा. उपेक्षेचाही असाच एक जवळचा शत्रू आहे, तो म्हणजे अज्ञानातून येणारी बेपर्वाई. शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवून त्यास अलिप्तता म्हणणारे आपण सारेच थोडेबहुत त्याच्या तावडीत असतो.

रोहिणीचे पाणी आणि परळचा विहार

धर्मानंदांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४० साली आला. सिद्धार्थांनी वृद्ध, रोगी व मृत माणूस पाहून घर सोडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. धर्मानंदांनी पाली वचनांच्या आधारे निराळे मत मांडले. शाक्य व कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून कलह होता. शस्त्र उचलून हे भांडण मिटणार नाही, या जाणिवेने सिद्धार्थ घराबाहेर पडले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाचे कारण म्हणून हाच पाण्याचा तंटा आला आहे. भाऊबंदकीत बांधावरून आणि पाटाच्या पाण्यावरून कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपल्या समाजास ही कथा फार दूरची वाटू नये.

हे विचार त्यांनी पुस्तकात कोंडून ठेवले नाहीत. महात्मा गांधींच्या हाकेस ओ देऊन अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी संशोधन व अध्यापन केले. १९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला आणि तुरुंगवास पत्करला. १९३७ साली मुंबईत परळच्या गिरणगावात बहुजन विहार उभा राहिला. अनेकांच्या हितासाठी व सुखासाठी भिक्षूंनी हिंडावे, या बुद्धांच्या आज्ञेची आठवण त्या नावात होती. ज्यांस समाजाने दूर ठेविले, त्या कष्टकरी वस्तीत बुद्धवाणी सांगावी, ही त्यामागील तळमळ. हार्वर्ड आणि लेनिनग्राड येथील विद्वत्सभांतून हिंडलेला हा पंडित परळच्या चाळींच्या शेजारी येऊन राहिला.

अखेरच्या काळात शरीर पुरते थकले. सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्याचा दिवस अवघ्या अडीच महिन्यांवर होता.

आज सायंकाळी आपल्या घरी देवापुढे निरांजन लागेल, पौर्णिमेचा चंद्र अंगणात येईल. त्या वेळी घरातील मोठ्यांनी मुलांस धर्मानंदांची ही कथा सांगावी. आणि जमल्यास एक लहानसा नेमही धरावा. हात जोडताना आपल्या माणसांबरोबर अशा एकाचे नाव मनात घ्यावे, ज्याच्याशी आपण बोलणे टाकले आहे. त्याचेही भले होवो, एवढेच म्हणावे. पहिल्या दिवशी ओठ अडतील. अडू द्यावेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणावे.