शेवटच्या ओळीतील वामन

एप्रिल महिना आला की नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांतून निळे झेंडे लागतात, कमानी उभ्या राहतात आणि डीजेवाल्यांकडे खेटे सुरू होतात. मागच्या जयंतीला मिरवणुकीत एक गाणे वाजत होते. शेजारी नाचणाऱ्या एका तरुणाला मी विचारले, हे गाणे कोणाचे? त्याने लगेच गायकाचे नाव सांगितले. लिहिले कोणी, असे विचारल्यावर तो गप्प झाला. त्याचा दोष नाही. कवीने शेवटच्या कडव्यात आपले नाव घातलेले होते; पण नव्या रिमिक्समधून ते कडवेच गाळलेले होते. गाळलेले ते नाव होते वामन. म्हणजे आपले लोककवी वामनदादा कर्डक.

ज्या माणसाला तरुणपणापर्यंत स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्याने पुढे हजारो गाण्यांच्या शेवटी आपल्या नावाची मोहोर उठवली. आणि ज्यांच्यासाठी त्याने हे केले, तेच आपण ती मोहोर पुसून टाकत आहोत. म्हणून दादांचे आयुष्य पुन्हा एकदा सांगण्याची गरज आहे.

दादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावचा. गुरे राखणे, मोळ्या विकणे यात बालपण गेले. शाळा नशिबी आली नाही. तरुणपणी लग्न झाले, पण तो संसार मोडला आणि त्या संसारातील लेकही दगावली. आईबरोबर मुंबई गाठल्यावर गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत घाम गाळला, चिक्की विकली. सिनेमाच्या वेडापायी स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणूनही उभे राहिले. शिवडीच्या चाळीत राहत असताना कोणीतरी पत्र वाचून घेण्यासाठी त्यांच्याकडे आले. दादांना ते वाचता आले नाही. त्या दिवसाची लाज त्यांच्या काळजात रुतून बसली. देहलवी नावाच्या गुरुजींकडून त्यांनी अक्षरे गिरवून घेतली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत मुंबईच्या रस्त्यांनाच शाळा केले.

1943 साल त्यांच्या जीवनाला वळण देणारे ठरले. त्या सुमारास मुंबईत त्यांनी बाबासाहेबांना पाहिले, भीमराव कर्डकांचा जलसा ऐकला आणि त्याच वर्षी पहिले गाणे रचले, तेही हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या धर्तीवर. सत्यशोधक जलशांची परंपरा आपल्याकडे आधीपासून होतीच. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तिला बाबासाहेबांच्या लढ्याशी जोडले. तमाशाच्या बोर्डावर देवादिकांच्या कथा रंगत होत्या. तेथे आता पाणवठा, शाळा आणि मतदान हे विषय आले. दादा याच मुशीतून घडले.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर जलसा हळूहळू मागे पडला आणि गायन पार्टी पुढे आली. एक पेटी, एक ढोलक, खंजिरी, टाळ आणि मागे सूर धरणारे तीन-चार जण, एवढाच सरंजाम. ना थिएटर, ना तिकीट. बुद्धविहाराचे अंगण, वस्तीतील पिंपळाचा पार, लग्नाचा मांडव, नाहीतर बारशाचे घर हेच त्यांचे रंगमंच. बाया-माणसे मजुरीवरून आल्यावर, चुली विझल्यावर कार्यक्रम सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. चाल बहुधा लोकांच्या ओठावरच्या गाण्याची असे. त्यामुळे नवे शब्द एका रात्रीत पाठ होत. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी हेच पुस्तक होते आणि हेच वर्तमानपत्र.

दादा असेच खांद्याला झोळी लावून आयुष्यभर फिरले. एसटीचा प्रवास, कार्यकर्त्याच्या घरी भाकरी, तेथेच मुक्काम. सोबत कधी पार्टी असायची, नसली तर ज्या गावी गेले त्या गावचे वादक. खेड्यापाड्यांतील कितीतरी पोरांना त्यांनी गाते केले, लिहिते केले. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटात त्यांचे गीत गाजले. सिनेमाची वाट धरली असती तर पैसा मिळाला असता. दादांनी वस्त्यांची वाट धरली. या भटकंतीत घर सांभाळले ते शांताबाईंनी. दादांचा गौरव करताना त्या माऊलीचे नाव घ्यायलाही आपण विसरतो.

आपल्या मराठवाड्यासाठी तर या गाण्यांचे मोल वेगळेच आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शाळा विरळ आणि दलितांच्या घरी अक्षर त्याहून विरळ. उदगीर-औशापासून किनवट-देगलूरपर्यंतच्या वस्त्यांत बाबासाहेबांचे चरित्र आणि बावीस प्रतिज्ञा पोचल्या त्या मुख्यतः गायन पार्ट्यांच्या तोंडून. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगावी आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले. पुढे 1993 साली नांदेडलाच गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत खचलेल्या माणसांना उभे ठेवण्याचे काम भाषणांइतकेच गाण्यांनीही केले. लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी माझ्या लहानपणी येणाऱ्या पार्टीकडे दादांच्या गाण्यांनी भरलेली एक वही होती. गायक शेवटच्या ओळीतले वामन हे नाव आले की हात जोडायचा. कायद्याचे पुस्तक हाती येण्यापूर्वी मी हक्क हा शब्द ऐकला तो त्या अंगणात.

आता त्या हक्काविषयीच बोलले पाहिजे. कॅसेटचा जमाना आला तेव्हा या गाण्यांवर पुष्कळांनी पैसा मिळवला. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा. कवीचे नाव बारीक अक्षरात, कधी तेही नाही. आज मोबाईलवर तर ‘पारंपरिक भीमगीत’ एवढे लिहिले की काम भागते. बांधवहो, ही गाणी पारंपरिक नाहीत. ती एका माणसाने उपाशीपोटी लिहिलेली आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क राहतो. दादा 15 मे 2004 रोजी गेले, म्हणजे हा हक्क 2064 अखेरपर्यंत आहे. त्याच कायद्याचे कलम 57 सांगते की रचना विकली तरी कर्ता म्हणून नाव लागण्याचा आणि रचनेची मोडतोड रोखण्याचा अधिकार कवीचाच असतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकाराच्या रॉयल्टीला आणखी संरक्षण मिळाले. पण तोवर दादांना जाऊन आठ वर्षे झाली होती. संविधानाच्या शिल्पकाराची जयंती साजरी करताना त्यांच्याच कवीचा कायदेशीर हक्क आपण पायदळी तुडवावा, ही शरमेची गोष्ट नव्हे काय?

प्रस्थापित साहित्याने दादांना दारात उभे केले नाही, ही आपली तक्रार रास्तच आहे. 1993 साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन चळवळीने त्यांचा मान राखला, हेही खरे. परंतु प्रत्येक वेळी मनुवाद्यांकडे बोट दाखवून चालणार नाही. कडवे गाळणारे हात आपलेच आहेत.

म्हणून पुढच्या जयंतीला प्रत्येक मंडळाने एवढे तरी करावे. गाणे लावण्यापूर्वी कवीचे नाव माईकवरून सांगावे. एक रात्र डीजे बंद ठेवून ते पैसे आपल्याच भागातील गायन पार्टीला द्यावेत. म्हाताऱ्या गायकांच्या घरी पडलेल्या वह्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी उतरवून घ्याव्यात. शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. कागदपत्रांअभावी जे तिच्यापासून वंचित आहेत त्यांचे अर्ज वकिलांनी आणि शिकलेल्या तरुणांनी भरून द्यावेत. मी माझ्या परीने ते काम फुकट करायला तयार आहे.

आणि गाणे शेवटपर्यंत वाजू द्यावे. शेवटच्या ओळीत दादा उभे आहेत.

जयभीम!