एका आकड्यासाठी 50 वर्षं फिरता आरसा घेऊन बसलेले मायकेलसन

रत्नागिरीत रत्नदुर्ग किल्ल्यावरच्या दीपगृहाचा झोत रात्री समुद्रावर फिरताना तुम्ही पाहिला असेल. बोटीला दीपगृह दिसतं, पण बोट किती लांब आहे हे दीपगृहाला कळत नाही. झोत बोटीवर आपटून परत आला आणि त्याला लागलेला वेळ मोजता आला, तर मात्र अंतर लगेच कळेल.

विनाचालक गाड्यांवरचं लायडार हेच करतं. अनेक लायडारमध्ये एक आरसा गरगर फिरत लेझर चहूबाजूंना फेकतो. 30 मीटरवरच्या भिंतीवरून लेझर परत यायला सेकंदाचा 50 लाखावा भाग लागतो. त्यावरून अंतर काढायचं, तर प्रकाशाचा वेग अचूक माहीत हवा. फिरत्या आरशानेच तो वेग मोजण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, ते म्हणजे अल्बर्ट मायकेलसन.

त्यांचा जन्म 1852 चा. जन्मगाव तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. लहानपणीच आईवडिलांसोबत ते अमेरिकेत आले. वडील सोन्याच्या खाणींच्या गावात दुकान चालवायचे. पोरगा पुढे नौदलाच्या अकादमीत शिकला आणि तिथेच मास्तर झाला.

फ्रान्सच्या फुको यांनी फिरत्या आरशाने प्रकाशाचा वेग आधीच मोजला होता. तोच प्रयोग मायकेलसन यांनी 1878 साली खिशातले दहाएक डॉलर घालून सुधारून केला. पुढच्या वर्षी त्यांचा आकडा आला, सेकंदाला 2,99,910 किलोमीटर. तेव्हा ते 26 वर्षांचे होते.

1907 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञानाचं नोबेल मिळवणारे ते पहिले अमेरिकन. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण तो आकडा त्यांचा पिच्छा सोडेना.

सत्तरी ओलांडल्यावर ते कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर गेले. प्रकाश तिथून सुमारे 35 किलोमीटरवरच्या दुसऱ्या डोंगरावर पाठवायचा आणि परत आणायचा, असा बेत होता. रत्नागिरी ते संगमेश्वर सरळ रेषेत धरा, साधारण तेवढंच अंतर. आठ बाजूंचा आरसा सेकंदाला सुमारे 528 वेळा फिरायचा. एका बाजूवरून निघालेला प्रकाश परत येईपर्यंत आरसा बरोबर एक अष्टमांश फिरलेला असायचा आणि पुढची बाजू त्या जागी हजर असायची. म्हणजे आरसा हेच घड्याळ!

1926 मध्ये आकडा आला 2,99,796. आज आपण 2,99,792.458 मानतो. चूक जेमतेम चार किलोमीटरची.

तरी समाधान नाही. मधल्या हवेमुळे प्रकाश किंचित मंदावतो, म्हणून त्यांनी सुमारे दीड किलोमीटर लांबीची नळी बांधून घेतली आणि तिच्यातली हवा काढायला लावली. मोजणी सुरू झाली, पण तब्येत साथ देईना. 9 मे 1931 रोजी ते गेले. उरलेली मोजणी सहकाऱ्यांनी पुरी केली.

मायकेलसन यांना अंतर माहीत होतं, त्यावरून त्यांनी वेग शोधला. लायडारला वेग माहीत असतो, त्यावरून ते अंतर शोधतं. गणित तेच, फक्त उलटं. पुढच्या वेळी दीपगृहाचा झोत फिरताना दिसला, की या म्हाताऱ्याची आठवण नक्की काढा.