पाद्री श्वार्ट्झ व तंजावरचे भोसले

मिशनरी लोकांविषयीं आमच्या समाजांत बहुधा दोनच मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, हे सर्व परकी सत्तेचे अग्रदूत होत. यांचें नांवही घेऊं नये. दुसरा पक्ष म्हणतो कीं, विद्या, दया व सुधारणा हीं सर्व यांनींच आणिलीं. म्हणून यांचे दोष काढणें हा कृतघ्नपणा होय. न्यायासनापुढें मात्र जातीवरून किंवा जथ्यावरून निकाल देतां येत नाहीं. तेथें एकेका माणसाच्या कृतीचा पुरावा तपासावा लागतो. अठराव्या शतकांत तंजावर येथें राहिलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नामक जर्मन उपदेशकाचें चरित्र अशा चौकशीस सर्वथा योग्य आहे, आणि त्याचा संबंध प्रत्यक्ष भोसलेकुलाशीं आल्यामुळें मराठी वाचकांस तें परकेंही वाटण्याचें कारण नाहीं.

श्वार्ट्झ याचा जन्म इ. स. १७२६ मध्यें ब्रांडेनबुर्ग प्रांतांतील सोनेनबुर्ग या लहानशा गांवीं झाला. आई त्याच्या बाळपणींच वारली. मरतांना तिनें हा मुलगा ईश्वरसेवेस वाहिला होता. पुढें तो हाले येथील विद्यापीठांत गेला. ल्यूथरच्या पंथांत त्या काळीं जी नवी जागृति झाली होती, तिचें हाले हें मुख्य पीठ होय. फ्रांके नांवाच्या आचार्यानें तेथें अनाथांसाठीं मोठी संस्था व शाळा स्थापिल्या होत्या. हिंदुस्थानांत तरंगंबाडी येथें डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानें १७०६ सालीं जें मिशन सुरू झालें, त्याचा पहिला उपदेशक झीगेनबाल्ग हाही हालेचाच विद्यार्थी होता. श्वार्ट्झनें तामिळ भाषेचा आरंभ जर्मनींतच केला, आणि १७५० सालीं तो हिंदुस्थानांत उतरला. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षें, म्हणजे मरेपर्यंत, तो मायदेशीं परत गेला नाहीं. त्यानें लग्नही केलें नाहीं.

या पंथाच्या उपदेशाचें सार काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मनुष्य आपल्या पुण्याच्या गाठोड्यावर तरत नाहीं. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवल्यानें ईश्वर त्यास पदरांत घेतो, हें ल्यूथरचें मुख्य प्रतिपादन. यावर सहज आक्षेप येतो कीं, श्रद्धेनेंच सर्व होत असेल तर सदाचरणाची गरज काय? ल्यूथरचें उत्तर असें कीं, फळें चांगलीं आलीं म्हणून झाड चांगलें होत नाहीं; झाड चांगलें असेल तर फळें आपोआप चांगलीं येतात. यासाठीं साधु व्हावयास मठांत जाण्याचें कारण नाहीं. चांभारानें चांभारकीं, आईनें घरीं व व्यापाऱ्यानें दुकानीं आपलें काम प्रामाणिकपणें केलें कीं तीच ईश्वरसेवा. १५२९ सालीं ल्यूथरनें लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरमालेंत गृहस्थाची सकाळसंध्याकाळची प्रार्थना याच हेतूनें घातली आहे. हालेच्या मंडळींनीं या मतावर एक कस लाविला: श्रद्धा खरी कीं खोटी, हें रोजच्या वागण्यांत दिसलें पाहिजे. श्वार्ट्झचें सारें आयुष्य म्हणजे या कसाला उतरण्याचा प्रयत्न होता.

तो प्रथम तरंगंबाडीस, नंतर त्रिचनापल्लीस व १७७८ पासून तंजावरास राहिला. तामिळ तर त्यास मातृभाषेसारखी झालीच, परंतु मुसलमानांशीं बोलतां यावें म्हणून तो फारसी व हिंदुस्थानी शिकला, आणि तंजावरच्या दरबारासाठीं त्यानें मराठीचाही अभ्यास केला. महिन्याकाठीं दहा पॅगोडांच्या तुटपुंज्या प्राप्तींत, साधा भात व भाजी खाऊन त्यानें त्रिचनापल्लीस दिवस काढले. ज्यांच्या धर्माचें खंडन करावयाचें त्यांची भाषा व रीतभात आधीं शिकावी, एवढी सभ्यता आमच्या कित्येक वादपटु सुधारकांसही अद्याप साधलेली नाहीं.

आतां त्याच्या सचोटीचे दाखले घेऊं. १७७९ सालीं मद्रासच्या इंग्रज सरकारास हैदरअल्लीचा हेतु जाणून घ्यावयाचा होता. त्या कामीं त्यांनीं श्वार्ट्झला श्रीरंगपट्टणास धाडलें. इंग्रजांच्या वकिलांवर हैदरचा विश्वास नव्हता. या पाद्र्यावर मात्र होता. परत निघतांना हैदरनें प्रवासखर्चासाठीं तीनशें रुपये दिले. ते श्वार्ट्झनें मद्रासेस येऊन सरकारच्या हवालीं केले, आणि सरकारनें ते त्यासच ठेवण्यास सांगितलें तेव्हां शाळेच्या फंडांत घातले. दुसऱ्याच वर्षीं लढाई जुंपली. त्या धामधुमींतही या पाद्र्यास अडवूं नये, असा हुकूम हैदरनें आपल्या सरदारांस दिला होता.

व्यापारी वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें असा प्रसंग १७८१ सालचा आहे. हैदरच्या फौजेनें तंजावर प्रांत उजाड केला होता. किल्ल्यांत माणसें दाटलीं होतीं व कोठारांत दाणा नव्हता. आसपासच्या खेड्यांत धान्य होतें, पण तें आणावयास बैल नव्हते, आणि शेतकरी आपले बैल देण्यास तयार नव्हते. कारण उघड होतें. पूर्वीं त्यांचा माल घेऊन पैसे बुडविले होते. राजाची आज्ञा व कंपनीचा शिक्का या दोहोंचीही पत बाजारांत उरली नव्हती. अखेर दोघांनींही श्वार्ट्झला गळ घातली. किंमत मी स्वतः चुकवीन, असें त्यानें लोकांस कळविलें, आणि एकदोन दिवसांत सुमारें हजार बैल मिळून ऐशी हजार कलम धान्य किल्ल्यांत आलें. त्यानें सर्वांचा हिशेब चुकता केला. शिवाय स्वस्ताई असतांना खरेदी करून ठेवलेल्या भातावर तो उपाशी लोकांस जेवूं घालीत होताच. पुढें जुलमास कंटाळून देशांतर केलेल्या रयतेस राजानें परत बोलाविलें, तेव्हांही कोणी येईना. श्वार्ट्झनें शब्द दिल्यावर सात हजार माणसें आपापल्या शेतांवर परतलीं. ज्याच्यापाशीं तोफ नाहीं व तिजोरी नाहीं अशा एका गरीब उपदेशकाची हुंडी वटली आणि दोन सरकारांची नाकारली गेली, याहून पत म्हणजे काय हें अधिक स्पष्ट कसें सांगावें!

दत्तकाच्या प्रकरणांतही त्याची परीक्षा झाली. तुळजाजी राजाचीं मुलेंबाळें वारल्यामुळें त्यानें १७८७ सालीं भोसलेकुलांतील सरफोजी यास दत्तक घेतलें व मरण समीप आल्यावर तो मुलगा श्वार्ट्झच्या हातीं दिला. परक्या धर्माच्या माणसानें राजपुत्राचा पालक होणें बरें नव्हे, असें पाहून श्वार्ट्झनें राजाचा भाऊ अमरसिंग याजकडे पालकत्व द्यावें अशी सल्ला दिली. ही सल्ला सद्धेतूची खरी, पण चुकीची ठरली. राजा वारतांच दत्तविधान अशास्त्र आहे असा कांहीं पंडितांचा अभिप्राय घेऊन कंपनीनें अमरसिंगास गादीवर बसविलें, आणि मुलाचे हाल सुरू झाले. श्वार्ट्झनें आपली चूक ओळखली. त्यानें सरफोजीच्या शिक्षणासाठीं व संरक्षणासाठीं सतत खटपट केली. १७९३ सालीं मुलास मद्रासेस नेण्यांत आलें. दत्तकाचा प्रश्न पुन्हां पंडितांपुढें गेला, दत्तक सशास्त्र ठरला व १७९८ सालीं सरफोजीस गादी मिळाली.

येथें या साधुपुरुषाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १७९९ च्या तहानें कंपनीनें त्याच सरफोजीकडून राज्यकारभार काढून घेतला. राजाकडे किल्ला, तनखा व पदवी एवढेंच उरलें. श्वार्ट्झच्या सचोटीचा उपयोग कंपनीनें आपल्या कामापुरता करून घेतला, ही गोष्ट लपवितां येत नाहीं. परकी सत्ता सज्जनांसही आपलें हत्यार बनविते. दुसरें असें कीं, ईश्वरापुढें सर्व सारखे असें शिकविणाऱ्या या उपदेशकानें आपल्या मंडळींतील जातिभेद चालूं दिला. प्रार्थनामंदिरांतही निरनिराळ्या जातींच्या बैठका निराळ्या राहिल्या. भेद हळूहळू मावळेल अशी त्याची आशा होती. ती फळास आली नाहीं. जो रोग आमचा, त्यानें परक्या वैद्यासही हतबल करावें, यांत आम्हांस अभिमान वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

तथापि धर्माच्या बाबतींत त्यानें कोणावर बळजोरी केली नाहीं व कोणास लालूच दाखविली नाहीं. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज अधिकाऱ्याजवळ राहत होती. तिनें दीक्षा मागितली तेव्हां, विवाहावांचून चाललेला तो संबंध असेपर्यंत श्वार्ट्झनें ती दिली नाहीं. तो अधिकारी वारल्यावर १७७८ सालीं त्यानें तिला दीक्षा दिली, आणि क्लॅरिंडा या नांवानें तिनें पुढें पालमकोट्यास प्रार्थनामंदिर बांधविलें. संख्या वाढविणें हाच ज्याचा हेतु असता, त्यानें इतका विलंब सोसला नसता. आणि सरफोजी तर मुलासारखा त्याच्या हातांखालीं वाढूनही शेवटपर्यंत हिंदूच राहिला.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजीं श्वार्ट्झ तंजावरास वारला. सरफोजी स्वतः अंत्यविधीस आला, रडला व प्रेतावर त्यानें जरीचें वस्त्र घातलें. पुढें फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्यानें संगमरवरी स्मारक करविलें. मरणशय्येवरील गुरु व त्याचा हात धरलेला राजा असें तें शिल्प तंजावरच्या चर्चमध्यें आहे. त्याच राजानें बृहदीश्वराच्या देवळांत भोसल्यांचा इतिहास मराठींत शिळेवर कोरविला, सरस्वतीमहालाचा ग्रंथसंग्रह वाढविला व छापखाना घालून १८०६ सालीं बालबोधमुक्तावलि हें मराठी पुस्तक छापविलें. गुरूपासून विद्येची आवड घेतली, स्वधर्म सोडला नाहीं, आणि कृतज्ञताही विसरला नाहीं.

आमचा निर्णय एवढाच कीं, श्वार्ट्झचें मत कोणास पटो अगर न पटो, त्याच्या मताची व वर्तनाची सांगड मात्र तुटली नाहीं. आमच्याकडे गीतेवर प्रवचनें होतात, सभांतून ठराव होतात, दुकानांत लक्ष्मीपूजन होतें. परंतु उद्यां दुष्काळ पडला तर आपल्या नुसत्या शब्दावर खेड्यांतील शेतकरी बैल जुंपून धान्य घेऊन येईल काय, हा प्रश्न प्रत्येक उपदेशकानें, पुढाऱ्यानें व व्यापाऱ्यानें स्वतःस विचारावा. ज्याचें उत्तर होकारार्थी येईल, त्याचा धर्म कोणताही असो, तोच खरा धार्मिक होय.