हरवलेले माहेर आणि भिंतीवरचा गुलाब

घर आपल्या नावावर होण्याआधीच कोणी तिथे रोप लावते का? 1930 साली इंग्लंडच्या केंट परगण्यात एका बाईंनी लावले. खरेदीखतावर सह्याही झाल्या नव्हत्या. पण जुन्या कॉटेजच्या भिंतीशी त्यांनी ‘मादाम आल्फ्रेद कारिएर’ हा वेली गुलाब लावून टाकला. या बाई म्हणजे कवयित्री आणि कादंबरीकार व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट.

एवढी घाई का? तिचे मूळ माहेरच्या दुःखात होते. 1892 साली नोल नावाच्या भल्यामोठ्या वाड्यात व्हिटा जन्मल्या. आईवडिलांची एकुलती एक लेक. त्या वाड्यावर त्यांचा विलक्षण जीव. पण घराण्याच्या रिवाजाप्रमाणे वारसा पुरुषाकडेच जायचा. 1928 साली वडील वारले आणि वाडा काकांकडे गेला. माहेरचा उंबरा परका होणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या लेकींना समजावून सांगायला नको.

दोनच वर्षांनी व्हिटा आणि त्यांचे पती हॅरल्ड निकल्सन यांनी सिसिंगहर्स्ट 12,375 पौंडांना घेतले. एक उंच जुना मनोरा, काही पडकी घरे, आणि सगळीकडे कचऱ्याचे ढीग. तो उपसण्यातच वर्षे गेली. वाटा आणि कुंपणांची आखणी हॅरल्डची. त्यात झाडे भरण्याचे काम व्हिटांचे.

पहिला गुलाबही त्यांनी जाणून निवडला होता. 1879 साली फ्रान्समध्ये तयार झालेला हा वेल पंधरा-वीस फूट सहज चढतो. काटे थोडे, फुले गुलाबी झाक असलेली पांढरी, वास गोड. उन्हाकडे पाठ असलेली भिंतही त्याला चालते. मात्र अशा जोमदार वेलाला मोकाट सोडून चालत नाही. फांद्या सरळ वर गेल्या, की फुले फक्त शेंड्याला येतात. त्याच आडव्या वाकवून बांधल्या, की शेंड्याचा जोर कमी होतो आणि डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात. थकलेल्या जुन्या फांद्या काढाव्यात, नव्यांना जागा द्यावी आणि बुंध्याशी कुजलेले खत घालावे. आपल्या गच्चीवरच्या वेली गुलाबालाही हाच नियम लागू पडतो.

1938 साली बाग लोकांसाठी खुली झाली. तिकीट एक शिलिंग. पुढे ‘ऑब्झर्व्हर’मधल्या साप्ताहिक सदरातून व्हिटांनी घरोघरच्या बागप्रेमींना पंधरा वर्षे सल्ला दिला. 1954 साली मुलाने सिसिंगहर्स्ट ‘नॅशनल ट्रस्ट’कडे सोपवण्याचा विषय काढला, तेव्हा मात्र त्या संतापल्या. एक घर हातचे गेले होते. दुसरे जिवंतपणी सोडायला त्या तयार नव्हत्या.

1962 साली सिसिंगहर्स्टमध्येच त्यांचे निधन झाले. 1967 मध्ये बाग ट्रस्टकडे गेली आणि आजही ती लोक पाहायला येतात. ज्या लेकीला वारसा नाकारला गेला, तिने मागे ठेवलेला वारसा असा सर्वांचा झाला.