स्वतःचं गाणं डोळ्यादेखत दुसऱ्याचं झालं, तरी ओटिस रेडिंग हसत हसत ते गात राहिला

१७ जून १९६७ ची रात्र. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावात मोठा संगीत महोत्सव भरला होता. मैदान हजारो तरुणांनी भरलेलं. बहुतेक गोरे, लांब केसांचे हिप्पी. रॉक ऐकायला आलेली मंडळी. रात्र बरीच झाली होती, वर पावसाची भुरभुर चालू होती.

अशात सूट घातलेला एक उंचापुरा कृष्णवर्णीय गडी स्टेजवर आला. नाव ओटिस रेडिंग. त्याच्या वाट्याला जेमतेम पाच गाणी होती. त्यातलं दुसरं गाणं सुरू करण्याआधी त्यानं गमतीत सांगून टाकलं की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून पळवलंय.

गाणं होतं ‘रिस्पेक्ट’. मुलीचं नाव अरिथा फ्रँकलिन.

आज कुणालाही ‘रिस्पेक्ट’ कुणाचं म्हणून विचारा, दहापैकी नऊ जण अरिथाचं नाव घेतील. पण हे गाणं लिहिलं ओटिसनं, पहिल्यांदा गायलंही त्यानंच, आणि तेही तिच्या दोन वर्षं आधी. मग गाणं त्याच्या हातातून गेलं कसं, आणि त्यात त्याचं नुकसान झालं की फायदा?

तर ही गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात.

९ सप्टेंबर १९४१ ला डॉसन नावाच्या छोट्या गावात ओटिसचा जन्म झाला. बाप दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारा. ओटिस अगदी लहान असताना घरचे मेकन शहरात आले. तिथं बापाला हवाई दलाच्या तळावर काम मिळालं. अधूनमधून तो चर्चमध्ये प्रवचनही द्यायचा. साहजिकच पोराचं गाणं सुरू झालं ते चर्चमध्ये.

पण बापाला क्षयरोग झाला आणि घराची घडी विस्कटली. पंधराव्या वर्षी ओटिसनं शाळा सोडली. विहिरी खोदण्याचं काम केलं, पेट्रोल पंपावर काम केलं. जोडीला मिळेल तिथं गाणं.

मेकन हे लिटल रिचर्डचं गाव. पन्नाशीच्या दशकात रॉक अँड रोल गाजवणारा हा माणूस आपल्याच गल्लीतला, म्हणजे मेकनच्या प्रत्येक पोराला वाटायचं आपणही होऊ. ओटिस सुरुवातीला हुबेहूब त्याच्यासारखं ओरडून गायचा. दुसरा आदर्श होता सॅम कुक, मुलायम गळ्याचा. एकाचा जोर आणि दुसऱ्याची आर्जवं, या दोन गोष्टी ओटिसच्या आवाजात पुढं कायम राहिल्या.

मेकनच्या डग्लस थिएटरमध्ये गाण्याची स्पर्धा भरायची. बक्षीस पाच डॉलर. ओटिसनं ती सलग १५ आठवडे जिंकली. शेवटी आयोजकांनीच त्याला भाग घ्यायला बंदी केली.

ऑगस्ट १९६२ मध्ये त्याचं नशीब उघडलं, तेही ड्रायव्हर म्हणून. जॉनी जेंकिन्स नावाच्या गिटारवादकाचं रेकॉर्डिंग मेम्फिस शहरात ठरलं होतं. जॉनीकडं गाडीचं लायसन्स नव्हतं. म्हणून त्याच्याच बँडमध्ये गाणारा ओटिस गाडी चालवत त्याला घेऊन गेला. जॉनीचं रेकॉर्डिंग काही जमेना. शेवटी थोडा वेळ उरला, तेव्हा या ड्रायव्हरलाही एकदा ऐकून घ्या असं ठरलं. ओटिसनं स्वतः लिहिलेलं एक संथ प्रेमगीत गायलं, ‘दीज आर्म्स ऑफ माइन’. ते ऐकलं आणि स्टुडिओतली माणसं सावध होऊन बसली. त्याच वर्षी ती रेकॉर्ड बाजारात आली आणि चालली.

हा स्टुडिओ म्हणजे स्टॅक्स. जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावाबहिणीची कंपनी. दोघांच्या आडनावांची पहिली दोन दोन अक्षरं जोडली की नाव तयार. जागा म्हणजे मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर. जमिनीचा उतारसुद्धा तसाच ठेवला होता.

मेम्फिसमध्ये त्या काळी काळे आणि गोरे एका हॉटेलात शेजारी बसून जेवू शकत नव्हते. स्टॅक्सच्या दाराआड मात्र वेगळंच जग होतं. तिथल्या घरच्या बँडमध्ये ऑर्गनवर बुकर टी. जोन्स आणि ड्रमवर अल जॅक्सन हे दोघं काळे, तर गिटारवर स्टीव्ह क्रॉपर आणि पुढं बेसवर आलेला डक डन हे दोघं गोरे. ओटिसला नोटेशन वाचता येत नव्हतं. ट्रंपेट आणि सॅक्सोफोनवाल्यांनी काय वाजवायचं, ते तो तोंडानं गुणगुणून दाखवायचा आणि ते तसंच वाजवायचे.

जुलै १९६५ मध्ये याच स्टुडिओत ‘ओटिस ब्लू’ हा अल्बम तयार झाला. जवळपास सगळा अल्बम २४ तासांच्या आसपास संपवला. मधे रात्री वादक आपापल्या क्लबमध्ये वाजवायला गेले, आणि पहाटे परत येऊन पुन्हा कामाला लागले. त्याच धावपळीत ‘रिस्पेक्ट’ रेकॉर्ड झालं. ओटिस तेव्हा २३ वर्षांचा होता.

आता हे मूळ गाणं नीट ऐका.

सुरुवातीलाच ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दणक्यात येतात. ड्रम ठोकल्यासारखा सरळ, थांबायचं नाव नाही. दोन मिनिटांच्या आसपास खेळ खल्लास. गाण्यातला माणूस बाहेर राबतो, पैसे कमावून घरी आणतो. बायकोकडं त्याचं एकच मागणं आहे, घरी आल्यावर मला जरा मान दे. बाकी तिनं काय करावं याला त्याची फारशी हरकत नाही. आवाजात हक्क आहे, पण त्याच्याखाली दमलेल्या माणसाची विनवणीही आहे.

गाणं चाललं. काळ्या श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. सगळ्या अमेरिकेच्या पॉप यादीत मात्र ३५ वर अडकलं.

आता येते अरिथा. ओटिसपेक्षा सहा महिन्यांनी लहान, तीही प्रवचनकाराची लेक, चर्चमध्ये गाऊन तयार झालेली. गंमत म्हणजे तिचा जन्म मेम्फिसचा, वाढली मात्र डेट्रॉइटमध्ये. आधीच्या कंपनीत तिनं सहाएक वर्षं काढली होती, पण त्यांना तिच्या आवाजाचं काय करायचं ते कळलंच नाही. मग ती अटलांटिक कंपनीत आली.

१४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये तिनं ‘रिस्पेक्ट’ रेकॉर्ड केलं. पियानोवर ती स्वतः, कोरसला तिच्या बहिणी कॅरोलिन आणि एर्मा. निर्माता जेरी वेक्सलर.

तिनं केलं काय? चार गोष्टी.

पहिली, बोलणारी व्यक्ती बदलली. तिथं नवरा मान मागत होता, इथं बाई मागते. काही शब्दच बदलले, पण अर्थ उलटा झाला. ही बाई पैशासाठी कुणावर अवलंबून नाही. तिच्याकडं तिचं स्वतःचं आहे, आणि ती विनवणी करत नाही, अट घालते.

दुसरी, शीर्षकाच्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून गायची जागा. आज जगभर पोरं जी जागा ओरडून गातात, ती ओटिसच्या गाण्यात नाहीच. ती अरिथाची भर.

तिसरी, कोरस. ओटिसच्या मागे कोरस असून नसल्यासारखा. अरिथाच्या मागे तिच्या बहिणी सतत उत्तर देतात, टोकतात, साथ देतात. त्यामुळं ते एका बाईचं गाऱ्हाणं राहत नाही, चार बायका एकत्र उभ्या आहेत असं वाटतं.

चौथी, मधला भाग. ओटिसचं गाणं एकाच दमात पळतं, मधे वळण नाही. अरिथाच्या गाण्यात किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो. त्यासाठी सॅम अँड डेव्ह या जोडीच्या दुसऱ्याच एका गाण्याच्या कॉर्ड्स उचलल्या होत्या. तेही गाणं स्टॅक्सचंच! त्या वळणानंतर अरिथा परत येते तेव्हा गाणं आणखी चढतं.

जून १९६७ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या पॉप यादीत पहिलं आलं आणि दोन आठवडे तिथं राहिलं. अरिथाला दोन ग्रॅमी मिळाले. आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या काळ्या समाजानं ते आपलं मानलं, बायकांच्या चळवळीनंही मानलं. त्याच महिन्यात ओटिस मॉन्टेरेच्या स्टेजवर उभा होता.

त्याला राग यायला हवा होता का?

एक तर हाच उद्योग तो स्वतः करत आला होता. ‘ओटिस ब्लू’मध्येच त्यानं रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिस्फॅक्शन’ घेतलं, गिटारची प्रसिद्ध धून ट्रंपेट-सॅक्सोफोनला दिली आणि शब्दही आपल्या मनानं फिरवले. ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ हे तर १९३२ सालचं जुनं गाणं. ओटिसनं १९६६ मध्ये ते हळू सुरू करून शेवटी असं काही पेटवलं की आज ते त्याचंच समजलं जातं. म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपलं कसं करायचं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

दुसरं कारण पैशाचं. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मोबदला मिळतो गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. गायकाला रेडिओकडून काहीच मिळत नाही. ‘रिस्पेक्ट’ ओटिसच्या नावावर. त्यामुळं अरिथाचं गाणं रेडिओवर जितक्या वेळा वाजलं, तितक्या वेळा पैसे ओटिसच्या खात्यात, आणि पुढं त्याच्या कुटुंबाकडं. जिच्या आवाजानं ते अजरामर झालं तिच्या हाती त्यातलं काही आलं नाही. म्हणजे पळवलं तिनं, पण भाडं मिळालं त्याला. मान मागणाऱ्या गाण्याच्या नशिबी असा हिशोब यावा, ही त्यातली खरी बोच.

मॉन्टेरेच्या त्या रात्री ओटिसनं जुन्याच ढंगात, आणखी वेगानं ‘रिस्पेक्ट’ गायलं. त्याची तोवर फारशी ओळख नसलेलं मैदान त्यानं २० मिनिटांत जिंकलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या वाचकांनी एल्विस प्रेस्लीला मागं टाकून त्याला जगातला पहिल्या नंबरचा गायक ठरवलं.

शरद ऋतूत त्याच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे गाणं बंद. परत आला तेव्हा आवाज शांत झाला होता. आता त्यानं वेगळंच गाणं हातात घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटोत एका हाउसबोटीवर राहताना सुचलेलं, धक्क्यावर निवांत बसलेल्या माणसाचं. स्टीव्ह क्रॉपरसोबत त्यानं ते पूर्ण केलं. शेवटी शिट्टी वाजवली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते रेकॉर्डिंग संपलं. १० डिसेंबर १९६७ ला ओटिस क्लीव्हलँडहून मॅडिसन शहराकडं स्वतःच्या छोट्या विमानानं निघाला. हवा खराब होती. विमानतळ काही किलोमीटरवर असताना विमान मोनोना तळ्याच्या गारठलेल्या पाण्यात कोसळलं. ओटिससह सात जण गेले. त्यात साथीला असलेल्या बार-केज बँडची चार पोरं होती, जेमतेम १८-१९ वर्षांची. विमानातला फक्त एक जण वाचला, ट्रंपेटवादक बेन कॉली.

ओटिसचं वय होतं २६. मागं बायको झेल्मा आणि लहान लेकरं. मेकनच्या सभागृहात अंत्यविधीला साडेचार हजार लोक आले, आत जागा होती तीन हजारांची. गावाबाहेर त्यानं हौसेनं घेतलेल्या शेतावर त्याला पुरण्यात आलं.

जानेवारी १९६८ मध्ये ‘डॉक ऑफ द बे’ बाजारात आलं. क्रॉपरनं त्यात लाटा आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज घातले होते. मार्चमध्ये ते पॉप यादीत पहिलं आलं. गायक गेल्यावर पहिल्या क्रमांकावर पोहोचलेलं अमेरिकेतलं ते पहिलं गाणं. जे शिखर ‘रिस्पेक्ट’नं त्याला स्वतःच्या आवाजात दिलं नाही, ते मिळालं तेव्हा तो बघायला नव्हता.

झेल्मानं पुढं मेकनमध्ये ओटिसच्या नावानं संस्था काढली. ती मुलांना संगीत शिकवते. अरिथा २०१८ मध्ये गेली. २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं सर्वकाळच्या ५०० गाण्यांची यादी काढली, त्यात तिचं ‘रिस्पेक्ट’ पहिलं होतं.

लेक सासरी जाऊन नाव काढते, म्हणून माहेर विसरायचं नसतं. या गाण्याचं सासर न्यूयॉर्क असेल, माहेर मेम्फिसचं ते उतरत्या जमिनीचं जुनं थिएटर. आज दोन्ही रेकॉर्डिंग मोबाइलवर आहेत, मिळून पाच मिनिटांचीही नाहीत. आधी ओटिसचं ऐका, मग अरिथाचं. आणि मग पुन्हा एकदा ओटिसचं, कारण आता त्याच्या आवाजातला दमलेला माणूस जास्त स्पष्ट ऐकू येईल.